छेद विसरलेली समीक्षा

मराठी समीक्षेत काही शब्द असे आहेत, की ज्यांच्यावाचून आमच्यापैकी कोणाचेच पान हलत नाही. 'वारंवार', 'बहुतांशी', 'प्रायः', 'सातत्याने', 'क्वचितच' हे ते शब्द होत. अमुक कवीच्या कवितेत मृत्यूची प्रतिमा वारंवार येते, अमुक कादंबरीकाराची स्त्रीपात्रे बहुतांशी मूक असतात, अशी विधाने आम्ही लिहितो, वर्गात सांगतो, प्रश्नपत्रिकेत 'चर्चा करा' म्हणून विचारतो आणि उत्तरपत्रिकेत तीच पुन्हा वाचून गुणही देतो. ही सारी विधाने मूलतः संख्याविषयक आहेत, हे मात्र सहसा आमच्या ध्यानात येत नाही. 'वारंवार' म्हणजे किती वेळा, आणि कितींपैकी? यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर कधीमधी मिळते. दुसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाही. प्रस्तुत लेखात आम्हांस बाजू घ्यावयाची आहे ती या दुसऱ्या प्रश्नाची.

शालेय गणितात संभाव्यतेच्या पहिल्या पाठात 'सापेक्ष वारंवारता' नावाची एक साधी गोष्ट असते. एखादी घटना जितक्या वेळा घडली ती संख्या अंशस्थानी मांडावी, एकूण जितके प्रयत्न झाले ती संख्या छेदस्थानी मांडावी आणि भागाकार करावा. नाणे दहा वेळा उडवले आणि सात वेळा छाप पडला, तर छापाची सापेक्ष वारंवारता सात दशांश, म्हणजे ०.७. याहून अवघड असे त्यात काही नाही. भागाकार चौथीतल्या मुलालाही येतो. अवघड असते ते छेदस्थानी काय मांडावयाचे हे ठरविणे. साहित्याच्या अभ्यासकांची खरी अडचण तेथेच आहे, आणि ती आम्हांस उमगली ती एका सहलीत.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांसमवेत आम्ही मावळात गेलो होतो. मळवलीला उतरेपर्यंत सगळे भिजले होते. एक विद्यार्थिनी सहज म्हणाली, "लोणावळ्याला नेहमी पाऊसच असतो, मी जेव्हा जेव्हा आले तेव्हा होताच." तिचे म्हणणे खोटे नव्हते. तिच्या सर्व भेटींचा हिशेब केला असता तर पावसाची सापेक्ष वारंवारता पूर्ण एक भरली असती. परंतु ती येत असे तीच मुळी पावसासाठी, जुलै-ऑगस्टमध्ये, आपल्यासारख्या हजारोंसमवेत. छेदात वर्षाचे ३६५ दिवस नव्हते, तिच्या चारपाच सहली होत्या. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार ज्या दिवशी २.५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो तो 'पर्जन्यदिन'. ही व्याख्या लावून वर्षभराचे दिवस मोजले, तर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारे लोणावळादेखील कित्येक महिने कोरडे ठणठणीत असते, हे तेथे बारमाही राहणारा कोणीही सांगेल. शिवाय हेच मावळ पूर्वेकडे तळेगाव दाभाड्यापर्यंत उतरत गेले, की पावसाचा जोर पुष्कळच ओसरतो. काळ बदलला, स्थळ बदलले, की अपूर्णांक बदलतो. 'मावळात फार पाऊस पडतो' हे वाक्य तेवढे जसेच्या तसे राहते.

त्याच दिवशी आम्ही कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरलो. विद्यार्थ्यांना टिपण करावयास सांगितले होते. जवळजवळ प्रत्येकाने लिहिले, की येथील स्तंभ घटाकार तळखड्यावर उभे असून त्यांच्या शिरोभागी प्राण्यांवर आरूढ झालेल्या आकृती आहेत. चैत्यगृहाच्या दारात उभे राहून पाहिले तर हेच दिसते. दोन्ही बाजूंना असे पंधरा-पंधरा स्तंभ आहेत. परंतु स्तूपाला वळसा घालून मागे गेले, की सात स्तंभ असे भेटतात, की ज्यांना ना तळखडा ना शिरोभाग. ते नुसते अष्टकोनी खांब आहेत. ही सारी रांग धरली तर स्तंभ एकूण ३७. त्यांपैकी अलंकृत ३०, म्हणजे ०.८१, आणि साधे ७, म्हणजे ०.१९. दर पाच स्तंभांत साधारण एक स्तंभ साधा आहे, आणि तो आमच्या टिपणांतून संपूर्ण गळाला होता. शेजारच्या भाज्याला गेले, तर तेथील चैत्यगृहाचे २७ स्तंभ सगळेच साधे अष्टकोनी आहेत. दोन्ही लेणी जमेस धरली, तर ६४ स्तंभांपैकी अलंकृत ३०, म्हणजे निम्म्याहून थोडे कमीच. 'या परिसरातील लेण्यांचे स्तंभ अलंकृत असतात' हे विधान आता कोणत्या तोंडाने करावे?

येथे एक भेद सांगणे आवश्यक आहे. स्तंभ ३७ आहेत आणि ते सगळे मोजता येतात. तेथे मिळतो तो केवळ प्रमाणाचा आकडा, त्यात अनिश्चित असे काही नाही. नाण्याची गोष्ट निराळी आहे. ते कितीही वेळा उडवता येते, आणि आपण मोजतो ते त्या अनंत शक्यतांतील काही थोडे प्रयत्न. दहांत सात छाप पडले म्हणून नाणे खोटे ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध झालेले जॉन केरिक यांनी हाताशी वेळच वेळ असल्याने एक नाणे १०,००० वेळा उडवले. छाप पडले ५,०६७, म्हणजे ०.५०६७. सुरुवातीच्या थोड्या प्रयत्नांत हेलकावे खाणारा हा आकडा प्रयत्न वाढत गेले तसा एका जागी स्थिरावत जातो. याकोब बर्नुली यांच्या १७१३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या स्थिरावण्याची गणिती सिद्धता आहे. आपल्या दृष्टीने तिचे तात्पर्य इतकेच, की थोड्या उदाहरणांवरून काढलेला अपूर्णांक लहरी असतो. एखाद्या कवीच्या तीन कविता अभ्यासक्रमात असाव्यात, त्यांपैकी दोहोंत संध्याकाळ असावी आणि त्यावरून त्यास 'संध्याकाळचा कवी' ठरवावे, हे तीनदा नाणे उडवून नाण्याचा स्वभाव सांगण्यासारखे आहे.

यावर कोणी म्हणेल, की शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपले वाडवडील सांगत आलेच आहेत. म्हण खरी आहे, आणि मावळात तर ती विशेष शोभते. ज्या इंद्रायणी तांदळाच्या वासाने आज पुण्यामुंबईची स्वयंपाकघरे दरवळतात, ते वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेले आहे. परंतु शीत भाताविषयी बोलू शकते ते केव्हा? पातेल्यात एकच तांदूळ असेल, आच सगळीकडे सारखी लागली असेल आणि शीत कोठूनही उचलले तरी चालेल, तेव्हा. वरचे शीत दाबून पाहावे आणि तळ करपलेला असावा, हा अनुभव कोणत्या घरात नाही? अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या कविता या वरच्या शितांसारख्या असतात. त्या कोणीतरी, काही हेतूने, चांगल्या म्हणून वर काढलेल्या असतात. त्यांच्यावरून निवडणाऱ्याच्या रुचीची परीक्षा होईल, कवीची होईलच असे नाही.

कार्ल्याच्याच शिलालेखांकडे वळू. स्तंभांवर दात्यांची नावे आहेत, गावांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकट हे स्थलनाम पुन्हा पुन्हा येते, आणि तेथून आलेले म्हणून सांगणारे कित्येक दाते स्वतःस 'यवन' म्हणवितात. यावरून मावळात त्या काळी यवनांची मोठी वस्ती होती, असे सांगण्याचा मोह होतो. येथे अंश ठाऊक आहे: यवन दात्यांचे लेख मोजता येतात. छेदही ठाऊक आहे असे वाटते: एकूण दानलेख. परंतु हा छेद दात्यांचा आहे, रहिवाशांचा नव्हे. ज्याच्यापाशी स्तंभ देण्याइतके द्रव्य होते, ज्यास आपले नाव कोरविण्याची इच्छा होती आणि ज्याचा लेख दोन हजार वर्षे टिकला, तोच या मोजणीत आला. लेणे खोदणारे पाथरवट, घाटातून बैल हाकणारे, खालच्या खोऱ्यात भात लावणारे यांतील कोणी येथे क्वचितच असेल. शिलालेखांतील सापेक्ष वारंवारता ही शिलालेखांची आहे. तिला समाजाची वारंवारता म्हणणे म्हणजे छेद चोरून बदलणे होय.

हीच चोरी आम्ही साहित्यात राजरोस करतो. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी मावळ ओलांडून देहूला जाते, म्हणून उदाहरणही तिच्याच काठचे घेऊ. 'तुकोबांच्या अभंगांत शेतीव्यवहारातील प्रतिमा वारंवार येतात' हे विधान आमच्या किती प्रबंधांत असेल, याची गणती नाही. समजा, एखाद्या कष्टाळू विद्यार्थ्याने असे अभंग खरोखरच मोजले आणि ते २३० भरले. (हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे.) शासकीय गाथेत अभंग आहेत ४,६०७. भागाकार केला, तर उत्तर येते सुमारे ०.०५, म्हणजे शंभरांत पाच. यास 'वारंवार' म्हणावे का? उत्तर होय असेलही, कारण तुलना कोणाशी करावयाची हे अजून ठरलेले नाही. अन्य संतकवींत हे प्रमाण शंभरांत एक असेल, तर तुकोबांचे पाच फार झाले. ते दहा असेल, तर आमचे विधान उलटे करावे लागेल.

शिवाय ४,६०७ हा छेद तरी निर्विवाद आहे काय? गाथेच्या निरनिराळ्या प्रतींत अभंगसंख्या निरनिराळी आहे. मावळातच, सुदुंबऱ्याला, तुकोबांचे टाळकरी आणि लेखक संताजी तेली जगनाडे यांची समाधी आहे. त्यांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी 'अस्सल गाथा' प्रसिद्ध केली, आणि तीत शासकीय गाथेहून पुष्कळच कमी अभंग आहेत. ती प्रत छेदस्थानी घेतली तर अंशही बदलेल, भागाकारही बदलेल, आणि कदाचित तुकोबाच थोडे बदलतील. कोणती गाथा घेतली हे न सांगता 'तुकोबा वारंवार म्हणतात' असे लिहिणारा अभ्यासक अपूर्णांकाची वरची बाजू तेवढी दाखवितो.

असा हिशेब साहित्यात कोणी केला आहे काय, असे विचारले, तर ज्याने तो केला तो मनुष्य मावळच्या वाटेवरचाच होता. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हे गोव्यात जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविलेले आणि पुढे १९६२ पर्यंत मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले गणिती. राहणे पुण्यास, नोकरी मुंबईस, आणि ये-जा डेक्कन क्वीनने. मावळ त्यांच्या नित्याच्या मार्गावर होते, आणि सवड मिळताच ते या डोंगरांत पायी हिंडत. धेनुकाकटावरील त्यांचा लेख १९५५ चा, आणि ते गाव कार्ल्याच्या परिसरातच असले पाहिजे असे त्यांचे मत होते. इतरांनी ते दूरवर अन्यत्र शोधले आहे. प्राचीन आहत नाण्यांचा उलगडा करताना, नाणे हातोहात फिरून किती झिजते हे कळावे म्हणून त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणी मोठ्या संख्येने तराजूत घालून पाहिली. आम्हां साहित्यवाल्यांस महत्त्वाचे आहे ते त्यांचे १९४८ सालचे भर्तृहरीच्या सुभाषितांचे संपादन.

भर्तृहरीच्या नावावर खपणारे श्लोक शेकड्यांनी आहेत. कोसंबींनी ३७७ हस्तलिखितांचा धांडोळा घेतला. त्यांच्या संपादनात एकूण श्लोक ८५२, आणि बहुतेक सर्व परंपरांत आढळणारा, म्हणून मूळ संग्रहातला असण्याचा अधिक संभव असलेला गाभा २०० श्लोकांचा. भागाकार केला तर ०.२३. 'भर्तृहरी म्हणतो' असे सांगून आपण जे काही उद्धृत करतो, त्यास या हिशेबाने केवढी कात्री लागते! आणि येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी, की कोसंबी हस्तलिखितांची नुसती डोकी मोजीत बसले नाहीत. त्यांनी ती आधी उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरांत आणि त्यांच्या पोटभेदांत विभागली. एका पोथीवरून पन्नास नकला झाल्या असतील, तर त्या पन्नास साक्षी ठरत नाहीत. ती एकाच साक्षीदाराची पन्नासदा दिलेली जबानी असते. नाण्याची प्रत्येक फेक आधीच्या फेकीपासून स्वतंत्र असते, पोथीची नक्कल तशी नसते. पाठचिकित्सेत हस्तलिखिते मोजू नयेत, तोलावीत असे म्हणतात, त्याचे गणिती मर्म हेच.

भाषेतही प्रत्येक फेक स्वतंत्र नसते, हे दाखविले ते रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी, १९१३ साली आणि तेही एका काव्यग्रंथावरून. पुश्किनच्या 'येवगेनी अन्येगिन'मधील पहिली २०,००० अक्षरे त्यांनी हाताने मोजली. स्वर निघाले ८,६३८, म्हणजे ०.४३२. पण एका स्वरापाठोपाठ लगेच दुसरा स्वर आला असे प्रसंग निघाले केवळ १,१०४. त्यांस ८,६३८ ने भागले तर येते ०.१२८. छेदस्थानी सर्व अक्षरे घेतली तर एक उत्तर, स्वरांनंतरची अक्षरेच घेतली तर अगदी दुसरे. आज ज्यांना भाषेची यंत्रे म्हणतात, त्यांच्या मुळाशी आधीच्या मजकुरावरून पुढच्याचा संभव ठरविण्याची हीच जातकुळी आहे. ती यंत्रे आमचे विद्यार्थी रोज वापरतात. त्यांच्या मुळाशी असलेला हा भागाकार मात्र साहित्याच्या वर्गात कोणी सांगत नाही.

आमच्यावर येऊ घातलेला आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. कविता म्हणजे काही किराण्याची यादी नव्हे. एखादा शब्द सबंध ग्रंथात एकदाच येतो आणि साऱ्या ग्रंथाला उजळून टाकतो. त्याची वारंवारता काढून काय करावयाचे? आक्षेप रास्त आहे आणि आम्हांस तो मान्य आहे. वारंवारता म्हणजे महत्त्व नव्हे. परंतु 'एकदाच येतो' हेही मोजल्यावाचून कळत नाही. ज्यास ग्रंथ किती मोठा हे ठाऊक नाही, त्यास त्या एका शब्दाचे एकाकीपणही जाणवणार नाही. आणि ज्या समीक्षकास मोजावयाचे नाही त्याने 'वारंवार' हा शब्द वापरू नये, 'मला येथे हे दिसले' असे प्रांजळपणे लिहावे. त्यात कमीपणा नाही.

उलट बाजूने मोजणाऱ्यांसही एक सूचना दिली पाहिजे. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चौघे प्राणास मुकले. तोवर त्या पुलावरून लोक रोज ये-जा करीत होते आणि पूल उभा होता. आदल्या दिवसापर्यंत कोसळण्याची सापेक्ष वारंवारता शून्य होती. या शून्यास संभाव्यता समजणे किती महाग पडते, हे वेगळे सांगावयास नको. मागील प्रयत्न ज्या परिस्थितीत झाले तीच परिस्थिती पुढेही असेल, तरच मागचा अपूर्णांक पुढचे काही सांगतो. लोखंड गंजत जाते, गर्दी वाढत जाते, आणि छेदातले जुने दिवस आजच्या दिवसासारखे राहत नाहीत. साहित्यात याने जीव जात नाही एवढेच; पण 'मराठीत असे कोणी लिहिलेच नाही' असे शून्याच्या आधारावर छातीठोकपणे सांगताना, आपण नक्की कोठे आणि किती शोधले हे सांगण्याची सवय आपणही लावून घ्यावी.

आमची मागणी मोठी नाही. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक प्रबंधिकेत, जेथे जेथे 'वारंवार', 'बहुतांशी' वा 'क्वचित' हे शब्द येतील, तेथे तेथे मार्गदर्शकाने समासात एवढेच लिहावे: 'कितींपैकी?' विद्यार्थ्याने कोणती आवृत्ती घेतली, किती कविता वा पृष्ठे पाहिली, ती कशी निवडली आणि तुलना कोणाशी केली, ही चार वाक्ये जोडावीत. त्यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. लागते ती स्तूपाला वळसा घालून मागे जाण्याची तयारी.

त्या दिवशी परतताना मळवलीच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असता त्याच विद्यार्थिनीने आपली वही पुढे केली. 'सर्व स्तंभ' हे शब्द खोडून तिने वर लिहिले होते: '३७ पैकी ३०. उरलेले ७ मागे आहेत, तेथे अंधार होता.' त्या वर्षी आम्ही वाचलेल्या साऱ्या लेखनात इतके नेमके वाक्य आम्हांस दुसरे आढळले नाही. आम्ही किती लेखन वाचले होते, असे वाचकांनी अवश्य विचारावे. निबंध धरून एकूण एकेचाळीस.